५१२ किलो कांद्याची पट्टी, नववीच्या वर्गात

फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत जिल्ह्यातल्याच एका शेतकऱ्यानं दहा गोण्या कांदा विकला. गाव सुमारे ७० किलोमीटरवर. वजन भरलं ५१२ किलो, भाव लागला क्विंटलला १०० रुपये. हमाली, तोलाई (वजन करण्याचे पैसे), भाडं वजा जाऊन हातात पडला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो देशभर फिरला. चेकसोबतची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, मात्र फार थोड्यांनी नीट वाचली, आणि शिकवायचं ते सगळं त्या पट्टीत आहे.

नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्थशास्त्राची तोंडओळख येते. गरजा, साधनं, व्यवस्था अशा व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. हीच ओळख एका हिशोबपट्टीवरून चार तासिकांत कशी करून द्यायची, वर्गात काय बिघडतं आणि का, हे या प्रकरणात मांडलं आहे. तासिका ३५ मिनिटांची आणि पट ३० ते ४० धरला आहे. लागणारं साहित्य: पट्टीच्या झेरॉक्स (दोघांत एक), दहा कार्डं, पाच किलो मिसळ कांदा, एक ताणकाटा.

पट्टी

वजन: ५१२ किलो (१० गोण्या)
भाव: १०० रुपये क्विंटल
रक्कम: ५१२.००
हमाली: ४०.४५
तोलाई: २४.०६
मोटारभाडं: १५.००
भाड्यापोटी रोख उचल: ४३०.००
एकूण कपात: ५०९.५१
शिल्लक: २.४९

झेरॉक्स काढताना शेतकऱ्याचं आणि आडत्याचं, म्हणजे त्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचं, नाव ठेवू नये. वर्गात कांदा पिकवणाऱ्यांची मुलं असतात, बाजार समितीत आडत असणाऱ्यांचीही असतात. नाव दिसलं की चर्चा माणसांवर जाते आणि हिशोब बाजूला पडतो.

भाव किती?

पहिला प्रश्न हाच विचारायचा आणि उत्तरं फळ्यावर लिहून घ्यायची. ‘दोन रुपये’ हे उत्तर सगळ्यात जास्त येतं, कारण बातमीत तेच ऐकलेलं असतं. काही मुलं ‘शंभर रुपये किलो’ म्हणतात. एखादा ५१२ला १००नं गुणून ५१,२०० रुपये काढतो. तीनही चुका कामाच्या आहेत, त्या पुसायच्या नाहीत.

क्विंटल म्हणजे १०० किलो हे मुलांना पाठ असतं, पण भाव क्विंटलवर बोलला जातो हे डोक्यात बसलेलं नसतं. म्हणून आधी ५१२ किलोचे ५.१२ क्विंटल करून घ्यावेत, मग गुणाकार. रक्कम ५१२ रुपये आली की वर्गातलं कुणीतरी बोलतं, ‘म्हणजे किलोला एक रुपया!’ इथे थांबायचं. एक रुपया किलो हा भाव. २ रुपये ४९ पैसे ही शिल्लक. आणि नफा की तोटा, ते या कागदावर कुठेच नाही, कारण बी, खत, पाणी, मजुरी यांतलं काहीही पट्टीत येत नाही. भाव, शिल्लक आणि नफा हे तीन शब्द फळ्याच्या तीन कोपऱ्यांत लिहून चारही तासिका तसेच ठेवावेत. मोठी माणसंसुद्धा यांत गल्लत करतात. त्या बातमीवर झालेल्या बहुतेक चर्चेत ती झाली होती.

४९ पैशांचं काय झालं, हे मुलं हमखास विचारतात. चेक दोन रुपयांचाच निघाला. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली, म्हणजे ४९ पैसे रोखीनंही देता आले नसते. उत्तर एवढंच द्यावं आणि पुढे जावं.

कपातीचा तपास

दुसरा प्रश्न: ५०९ रुपये ५१ पैसे गेले कुणाकडे? ‘व्यापाऱ्यानं खाल्ले’ हे उत्तर लगेच येतं. ते खोडायचं नाही, तपासायला लावायचं.

हमालीचे ४०.४५ रुपये ५.१२नं भागा. ७.९० येतात. तोलाईचे २४.०६ भागा, ४.७० येतात. पट्टीवर हे दर छापलेले नाहीत, भागाकारातून ते असे स्वच्छ बाहेर पडतात, आणि हा क्षण वर्गात फार चांगला जमतो. ४०.४५ हा विचित्र आकडा कुणाच्या मनातून आलेला नाही. क्विंटलला ७ रुपये ९० पैसे आणि क्विंटलला ४ रुपये ७० पैसे असे दर ठरलेले होते आणि वजनाशी गुणून पट्टीत उतरले, हे मुलांना स्वतःच्या हातानं सापडतं. इथे कॅल्क्युलेटर देऊ नये. दोन अंकी दशांशाचा भागाकार मुलांना नाहीतरी करायचाच असतो.

मग हमालाच्या बाजूनं बघायला सांगावं. दहा गोण्यांचे ४०.४५, म्हणजे ५१ किलोच्या एका गोणीला साधारण चार रुपये. वर्गातला एखादा दणकट मुलगा पाच किलोची पिशवी हाताच्या अंतरावर एक मिनिट धरून उभा राहिला की चार रुपयांचं वजन सगळ्यांना कळतं. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा आहे, हे सांगण्याची जागाही हीच. ‘खाल्ले’ हा शब्द बहुतेक वेळा इथे आपोआप गळून पडतो.

भाड्याचे १५ आणि ४३० मिळून ४४५. गोणीमागे साडेचव्वेचाळीस रुपये. एकूण कपातीत भाड्याचा वाटा ८७ टक्क्यांहून जास्त भरतो. ज्या खर्चाची फारशी चर्चा होत नाही, तोच सगळ्यात मोठा निघतो. ४३०च्या रकमेला पट्टीत ‘उचल’ म्हटलेलं असतं म्हणून मुलं ती कर्ज समजतात. माल पोहोचल्यावर टेम्पोवाल्याला भाडं द्यायचं असतं, शेतकऱ्याकडे तेव्हा रोकड नसते, आडत्या ती देतो आणि पट्टीतून वळती करतो. ही पद्धत माहीत नसलेल्या शहरी शाळेत हे दोन-तीन वाक्यांत सांगून टाकावं.

आता पट्टीत काय नाही ते शोधायला लावावं. आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, नाही. २०१६पासून फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचा नियम राज्यात झाला, म्हणून तिची ओळ दिसत नाही. या एका गैरहजर ओळीमुळे कपातीचा स्वभाव स्पष्ट होतो. आडत ही टक्क्यांत असते, भाव पडला की तीही कमी होते. हमाली, तोलाई, भाडं वजनावर किंवा गोणीवर असतात. कांदा एक रुपया किलो असो की वीस रुपये, गोणी तेवढीच जड.

हाच या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून इथे वेळ द्यावा. चार गटांना चार भाव वाटून शिल्लक काढायला सांगावी:

१०० रुपये क्विंटलला शिल्लक २.४९
२०० रुपयांना ५१४.४९
५०० रुपयांना २,०५०.४९
१,००० रुपयांना ४,६१०.४९

भाव शंभराचा दोनशे झाला, म्हणजे दुप्पट. शिल्लक दोनशे पटींहून जास्त वाढली. उलट हजाराचे पाचशे झाले तेव्हा शिल्लक निम्म्याहूनही थोडी खाली गेली. वजनावरचा खर्च जागचा हलत नाही म्हणून भावातली सगळी पडझड शिल्लक रकमेवर कोसळते. मुलांना याचा आलेख काढायला लावल्यास रेष सरळ येते, पण ती शून्यातून न निघता आडव्या अक्षावर ९९.५१ला छेदते. तो बिंदू काय सांगतो? क्विंटलला ९९ रुपये ५१ पैशांखाली भाव गेला तर शेतकऱ्यालाच खिशातून पैसे द्यावे लागतील. त्या दिवशीचा भाव या बिंदूच्या जेमतेम ४९ पैसे वर होता. दोन रुपयांचा चेक कसा निघाला, याचं पूर्ण उत्तर एवढंच.

लिलाव, वर्गातल्या वर्गात

भाव शंभरावर का आला, यासाठी दुसरी तासिका. मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर काढायच्या आधी हा खेळ घ्यावा. उलट क्रमानं घेतला तर मुलं रेषांचं ‘बरोबर’ उत्तर आणायच्या मागे लागतात.

दहा मुलं खरेदीदार. प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर एका गोणीला तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, तो आकडा: १४००, १२००, १०००, ९००, ८००, ६००, ४००, ३००, २००, १००. कार्ड कुणाला दाखवायचं नाही. प्रत्येकाला एकच गोणी हवी. शिक्षक वरून भाव उतरवत येतो: ‘चौदाशेला कोण घेणार? तेराशेला?’ आपल्या कार्डाइतका किंवा त्याहून कमी भाव आला की हात वर करायचा आणि वरच ठेवायचा. जितक्या गोण्या, तितके हात झाले की भाव ठरला, सगळ्या गोण्या त्याच भावानं विकल्या.

पहिल्या फेरीत तीन गोण्या. हजारावर तीन हात. एकूण ३,००० रुपये.
दुसऱ्या फेरीत सहा गोण्या. भाव ६००. एकूण ३,६००.
तिसऱ्या फेरीत नऊ गोण्या. भाव २००. एकूण १,८००.

आकडे फळ्यावर एकाखाली एक आले की वर्ग शांत होतो. नऊ गोण्यांचे पैसे तीन गोण्यांपेक्षा कमी आले! गोणीमागे ५१ रुपये कपात धरली तर तीन गोण्यांचे २,८४७ हातात येतात, नऊ गोण्यांचे १,३४१. तिप्पट पिकवून निम्मंही पदरात पडलं नाही. इथे कांद्याच्या मागणीचा स्वभाव उलगडतो. कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी भाजीत चौपट कांदा घालत नाही, महागला म्हणून अगदी बंदही करत नाही. अशा मालाची आवक थोडी वाढली तरी भाव खूप पडतो. ‘मागणी ताठर आहे’ किंवा ‘लवचिकता कमी आहे’ हे शब्द आता द्यावेत. खेळ झाल्यावर ते अंगी लागतात.

बाजारात खरा लिलाव असा उतरत्या भावानं होत नाही. तिथे बोली चढत जाते, एकेका ढिगावर. वर्गात तसा केल्यास दोन गोष्टी बिघडतात. मुलं जिंकण्याच्या नादात कार्डापेक्षा जास्त बोली लावतात, आणि पहिल्या ढिगाला चढा भाव मिळून शेवटच्याला काहीच उरत नाही, त्यामुळे ‘एक भाव’ सापडत नाही. चढती बोली दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून जरूर घ्यावी, पण जादा बोलीला दंड ठेवून: कार्डाचा आकडा वजा बोली इतके गुण, आणि उणे गुणही धरायचे.

सोलापूरची ती विक्री लाल कांद्याच्या मोसमातली होती. उशिराच्या खरिपाचा हा कांदा टिकत नाही. ‘भाव पडला होता तर ठेवून द्यायचा’ असं मुलं म्हणतात, आणि शहरातली मुलं जास्त म्हणतात. उन्हाळ कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) चार-सहा महिने राहतो, लाल कांदा काही आठवड्यांत कोंब धरतो किंवा सडतो. आणि चाळीतला कांदाही घटतो. समजा १०० क्विंटल ठेवले आणि वजनात ३० टक्के घट आली. आज हजार रुपये भाव असेल, तर उरलेल्या ७० क्विंटलना १,४२९ मिळाले तरच आजच्याइतके पैसे होतील. चाळीचा खर्च आणि अडकलेल्या पैशाचं व्याज वेगळं. थांबण्यालाही किंमत असते हे या एका गणितातून मुलांच्या लक्षात येतं.

नाही म्हणायची ताकद कुठे संपते

तिसरी तासिका सगळ्यात अवघड, आणि आमच्या मते सगळ्यात मोलाची. प्रश्न असा: शंभर रुपये भाव पुकारला तेव्हा त्यानं माल परत का नेला नाही?

यासाठी नमुन्याचे आकडे धरावे लागतात, आणि ते नमुन्याचे आहेत हे फळ्यावर लिहावं. समजा कांदा शेतात तयार होईपर्यंत क्विंटलला ६०० रुपये खर्च झाला. काढणी, पात कापणं, निवड, भरणी आणि बारदान (रिकाम्या गोण्या) मिळून १८०. बाजारापर्यंतचा खर्च पट्टीवरून घ्यावा, साधारण १००. आता शेतकऱ्याला चार ठिकाणी उभं करून विचारायचं: निदान किती भाव अपेक्षित असेल तर तू पुढचं पाऊल टाकशील?

लागणीच्या आधी: ६०० + १८० + १००, म्हणजे ८८०.
कांदा तयार आहे पण जमिनीत आहे: २८०.
गोण्या भरून बांधावर लागल्या आहेत: १००.
बाजारात उतरवून काट्यावर आहे: १२ रुपये ६० पैसे, म्हणजे फक्त हमाली आणि तोलाई.

शेवटच्या ओळीवर मुलं अडतात, आणि अडायलाच हवं. येण्याचं भाडं आता माल विकला तरी द्यायचंय, नाही विकला तरी. परत नेला तर जाण्याचं भाडं पुन्हा वेगळं, आणि घरी पोहोचतो तो आणखी सडलेला कांदा. म्हणून शंभर रुपये भाव पुकारला तरी होकाराची मान हलते. प्रत्येक टप्प्यावर आधीचा खर्च बुडीत होत जातो आणि नकार द्यायची ताकद घटत जाते. समोरच्या खरेदीदाराला हे ठाऊक असतं. व्यापारी दुष्ट असण्याची गरजच नाही, टेम्पो सत्तर किलोमीटर आलेला असणं पुरेसं आहे.

यावर मुलांचा आक्षेप ठरलेला: ‘सर, मग घातलेले सहाशे विसरायचे का?’ आजच्या निर्णयासाठी हो, विसरायचे. पुढच्या वर्षीच्या लागणीचा निर्णय घेताना पहिला आकडा तोच. बुडीत खर्चाची व्याख्या लिहून देण्यापेक्षा ही दोन वाक्यं वहीत उतरवून घ्यावीत. उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवणाऱ्या शेतकऱ्याचे व्हिडिओ मुलांनी पाहिलेले असतात. ‘रागानं केलं’ असं त्यांना वाटत असतं. आता फळ्यावरची दुसरी ओळ दाखवावी. भाव २८०च्या खाली राहणार असेल तर काढणीसाठी आणखी १८० घालणं म्हणजे तोटा वाढवणं. राग असेलही, पण हिशोबही चोख आहे.

गावातल्या शाळेत इथे एक काळजी घ्यावी. नमुन्याचे आकडे बदलून खरे घालायचे असतील तर मुलांना घरून फक्त दर आणायला सांगावेत: लागणीची मजुरी काय, रिकाम्या गोणीची किंमत काय, टेम्पो गोणीमागे किती घेतो. ‘तुमच्या घरी किती तोटा झाला’ हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. कर्जाचा विषय निघाला तर सर्वसाधारण बोलून पुढे सरकावं.

पुढच्या तारखेच्या चेकबद्दलही याच तासिकेत बोलावं, आणि इथे मात्र बाजू घ्यायला हरकत नाही. माल आज दिला आणि पैसे पंधरा-वीस दिवसांनी मिळणार असतील, तर तेवढे दिवस शेतकरी खरेदीदाराला बिनव्याजी उसने देतो. रक्कम दोन रुपये असली म्हणून तत्त्व बदलत नाही. हमालीचा दर रास्त की कमी यावर मतभेद होऊ शकतात. विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर मिळावेत यावर होऊ नयेत.

तीन ढीग

त्या कांद्याची प्रत हलकी होती, असं खरेदीदाराच्या बाजूनं तेव्हा सांगितलं गेलं. हे खरं मानायचं की खोटं, हा वर्गाचा प्रश्न नाही. प्रतीनं भावात किती फरक पडतो, हा आहे.

पाच किलो मिसळ कांदा एका गोणपाटावर ओतावा आणि मुलांना निवडायला लावावा. एक ढीग एकसारख्या मोठ्या कांद्याचा, दुसरा गोल्टीचा (बारीक कांद्याचा), तिसरा जोड (एकात दोन वाढलेल्या), कोंब आलेल्या आणि मऊ पडलेल्या कांद्यांचा. प्रत्येक ढीग ताणकाट्यावर मोजावा. मग तिसऱ्या ढिगातला एक मऊ कांदा कापून पाहावा. आतल्या दोन पापुद्र्यांमधली काळपट चिकट बुरशी आणि तो वास यांनंतर ‘हा कांदा तू किती रुपयांना घेशील?’ या प्रश्नाला वर्गातून शून्य, आणि कधी उणे असं उत्तर येतं. उणे उत्तर बरोबर आहे: तो वेळीच बाजूला काढला नाही तर शेजारचे कांदे नासतात.

नंतर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे त्या दिवसाचे कांद्याचे दर दाखवावेत. बाजार समिती, प्रत, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने असतात. सोलापूरच्या ओळीत किमान दर शंभराच्या आसपास आणि त्याच दिवशी कमाल दर हजाराच्या वर, असं चित्र अनेकदा दिसतं. म्हणजे ‘आज कांद्याचा भाव शंभर’ हे वाक्य खरं असूनही अपुरं असतं. बातमी वाचताना हे किमान आहे, कमाल आहे की सर्वसाधारण, एवढा एक प्रश्न विचारायची सवय लागली तरी ही अर्धी तासिका कारणी लागली.

याच्या जोडीला किरकोळ विक्रेत्याचा हिशोब दहा मिनिटांत होतो. १२ रुपयांनी ५० किलोची गोणी, ६०० रुपये. रिक्षा ६०, जागेची पावती २०. चार किलो सड आणि घट. उरले ४६ किलो, पडले ६८०ला, किलोला १४ रुपये ७८ पैसे. विसानं विकले तर दिवसाचे २४० सुटतात. हे आकडे नमुन्याचे आहेत, मुलांनी शेजारच्या भाजीवाल्या मावशींना विचारून ते बदलावेत. बहुतेक मुलं सड आणि घट धरायला विसरतात आणि नफा ३२० काढतात. त्या ८० रुपयांच्या फरकावर भाजीवाली माणसं जगतात किंवा बुडतात.

सरकार कुठे येतं

चौथी तासिका वादाची. राज्य सरकारनं त्याच हंगामासाठी क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात बाजारात विकलेल्या उशिराच्या खरीप लाल कांद्याला, शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. आपल्या पट्टीवर हे लावलं तर ५.१२ गुणिले ३५०, म्हणजे १,७९२ रुपये. माल विकून मिळालेल्या शिलकेच्या सातशे पटींच्या वर. अनुदानासाठी सातबाऱ्यावर कांद्याच्या पेऱ्याची नोंद मागितली गेली आणि ती नसलेल्यांची अडचण झाली. ‘मदत जाहीर झाली’ आणि ‘मदत मिळाली’ यांच्यामध्ये कागद असतो, हे मुलांना इथेच दाखवता येतं.

आता दुसरं पान. त्याच वर्षी भाव चढले तेव्हा केंद्रानं ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबर २०२३पासून निर्यातच बंद केली. बंदी मे २०२४मध्ये उठली. वर्गाचे दोन भाग करावेत: एक कांदा पिकवणारं घर, दुसरं पगारावर चालणारं शहरातलं घर. पाच मिनिटांनी बाजू उलट करायच्या, हा नियम आधीच सांगून ठेवावा. नाहीतर वाद घोषणांवर जातो. लिलावाची कार्डं इथे पुन्हा उपयोगी पडतात. १४०० आणि १२०० ही दोन कार्डं परदेशी खरेदीदारांची समजून काढून घ्यावीत आणि सहा गोण्यांची फेरी पुन्हा खेळावी. भाव ६००वरून ३००वर येतो. गोणी शहरातल्या घराला निम्म्या भावात मिळाली आणि शेतकऱ्याचे ३,६००चे १,८०० झाले. कुणाच्या ताटातून कुणाच्या ताटात काय गेलं, ते फळ्यावर दिसतं, आणि बंदी बरोबर की चूक यावर शिक्षकाला मत द्यावं लागत नाही.

तपासणी

व्याख्या विचारू नयेत. दुसरी पट्टी द्यावी: २० गोण्या, १,०४० किलो, भाव ३५०. हमाली-तोलाईचे दर तेच, भाडं गोणीमागे ४४.५०. रक्कम ३,६४०, हमाली ८२.१६, तोलाई ४८.८८, भाडं ८९०, एकूण कपात १,०२१.०४, शिल्लक २,६१८.९६. याला चार गुण. पुढचे सहा गुण तीन प्रश्नांना: हा नफा आहे का, हे सांगायला आणखी काय माहीत हवं? भाव निम्मा झाला तर शिल्लक निम्मी होईल का? याच २० गोण्यांनी टेम्पो अर्धाच भरला आणि भाडं पूर्ण टेम्पोचं द्यावं लागलं तर कोणती ओळ बदलेल?

तिसऱ्या प्रश्नात बरीच मुलं हमालीही बदलतात. अशा मुलांकडे कपातीचा तपास पुन्हा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्यांना पुन्हा भागाकाराला बसवणं.

कांदा नसलेल्या भागात पीक बदलावं, पट्टी सोडू नये. सांगलीत हळदीची पट्टी मिळते, जळगावात केळीची, कोकणात आंब्याच्या पेटीची. केळीत भाडं अनेकदा खरेदीदार भरतो, त्यामुळे कपातीच्या ओळी वेगळ्या निघतात आणि ‘भाडं इथे कुणाच्या माथी?’ हा नवा प्रश्न उभा राहतो. पट्टी कुठलीही असो, वर्गात आणायच्या आधी शिक्षकानं स्वतः तिची बेरीज करून पाहावी. हातानं लिहिलेल्या पट्ट्यांत बेरीज चुकलेली सापडते, आणि ती मुलांच्या आधी आपल्याला सापडलेली बरी.